घुमटाखाली आवाज नेमका कुठे बिघडतो? टाळी, फुगा आणि मोबाईल घेऊन जुन्या वास्तूची ध्वनी-तपासणी

घुमट हा शब्द घुमण्यावरून आला असणार असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तसं नाहीये, तो फारसी गुंबदवरून आलाय, पण हा गैरसमज इतका फिट्ट बसतो की सोडवत नाही, आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो. घुमटाखाली काहीही नीट ऐकू आलं नाही की आपण "इथे आवाज घुमतो" म्हणून मोकळे होतो. मग कोणी गालिचे टाकतं, कोणी स्पीकर वाढवतं, कोणी चक्क भिंतीला फोम चिकटवायला निघतं, पैसे जातात आणि आवाज होता तिथेच.

या एका तक्रारीत तीन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात. पहिलं म्हणजे निनाद, साउंडवाले ज्याला रिव्हर्ब म्हणतात ते, आवाज बंद झाल्यावरही मागे राहणारी लांब शेपटी. दुसरा सुटा प्रतिध्वनी, म्हणजे एको, टाळी वाजवली की थोड्या वेळाने दुसरी टाळी वेगळी ऐकू येते तो. आणि तिसरं फोकस, म्हणजे घुमटाने सगळीकडचा आवाज गोळा करून एकाच जागी ओतणं, त्यामुळे एका ठिकाणी कान फुटतो आणि चार पावलांवर काहीच नाही. तिघांची कारणं वेगळी, उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर फरक पडत नाही किंवा उलट बिघडतं. म्हणून आधी नक्की काय झालंय ते ओळखायचं. ते घरच्या सामानात कसं करायचं ते खाली सांगतो, यात अर्धा दिवस जातो.

निघायच्या आधी

परवानगी घ्या, आणि ती घेताना "फुगे फोडणार आहे" हे स्पष्ट सांगा, नाहीतर पहिल्याच धमाक्याला सुरक्षारक्षक धावत येतो. वास्तू वापरात असेल तर प्रार्थनेच्या वेळा सोडून जा, शक्यतो पहाटे, कारण बाहेरचा ट्रॅफिक, पंखे आणि कबुतरं हे तिन्ही रेकॉर्डिंगचे शत्रू आहेत. पंखे आणि एसी बंद करायला सांगा. फटाका किंवा खेळण्यातली पिस्तूल अजिबात नको, जुन्या गिलाव्याला आणि लोकांच्या मनाला दोन्हीला त्रास.

सामान: लेझर मीटर (सिव्हिलवाल्यांकडे असतो, उधार मिळतो), मोठे फुगे, फुगवल्यावर ३० सेंमीच्या वर जाणारे, कारण लहान फुगा फक्त चटकन वाजतो, त्यात खर्ज नसतो, टाचणी, ट्रायपॉड, मोबाईल किंवा साधा रेकॉर्डर, कानात घालायचे बोळे, वही. फुग्याचे तुकडे गोळा करायला एक पिशवी. मऊ तळाचे बूट घाला किंवा अनवाणी फिरा.

पहिलं काम: माप, आणि तेही आतलं

बाहेरून दिसणारा घुमट आणि आवाजाला भेटणारा घुमट एकच असेल असं नाही. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलला तीन थर आहेत, आतला घुमट, त्यावर विटांचा शंकू आणि मग बाहेरून दिसतो तो. इराणमधल्या इस्फहानच्या शाही मशिदीत, जिचं काम १६११ मध्ये सुरू झालं, दोन कवचं आहेत आणि मधे भलीमोठी पोकळी. ताजमहालाचंही तसंच. त्यामुळे माहितीफलकावरची उंची इथे कामाची नाही, आत उभं राहून लेझर सरळ वर मारा.

तीन आकडे हवेत: जमिनीपासून आतल्या शिखरापर्यंत उंची, घुमट जिथून वळायला लागतो तिथली रुंदी, आणि त्या पातळीपासून शिखर किती वर आहे, म्हणजे चढ. यातून वक्रतेची त्रिज्या निघते: अर्ध्या रुंदीचा वर्ग अधिक चढाचा वर्ग, भागिले चढाची दुप्पट. समजा घुमट १६ मीटर रुंद आहे आणि चढ फक्त ४ मीटर, तर ६४ अधिक १६ म्हणजे ८०, भागिले ८, त्रिज्या १० मीटर. बघा, घुमट दिसायला चपटा पण त्रिज्या अर्ध्या रुंदीपेक्षा मोठी. चपटे घुमट त्रास देतात ते याच कारणाने.

आता शाळेतला अंतर्वक्र आरसा आठवा, घुमट म्हणजे आवाजासाठी तोच. १ भागिले तुमच्या कानापासून शिखरापर्यंतचं अंतर, अधिक १ भागिले शिखरापासून फोकसचं अंतर, बरोबर २ भागिले त्रिज्या. वरचाच घुमट घ्या आणि शिखर जमिनीपासून साडेअकरा मीटरवर आहे असं धरा. कान दीड मीटरवर, म्हणजे शिखर बरोबर १० मीटर दूर, त्रिज्येइतकंच, आणि फोकसही १० मीटरवर येतो. म्हणजे तुम्ही बोललेलं सगळं गोळा होऊन तुमच्याच डोक्यावर परत. यापेक्षा वाईट डिझाइन नाही. तोच घुमट उंच भिंतींवर चढवून शिखर २० मीटरवर नेलं तर फोकस शिखराच्या खाली साधारण ७ मीटरवर येतो, जमिनीपासून १३ मीटर वर, तिथे ऐकायला कोणी नाही, आणि खाली येईपर्यंत आवाज पुन्हा पसरलेला असतो.

इस्तंबूलच्या हागिया सोफियाला हेच गणित लावा. इमारत ५३२ ते ५३७ मधली, पहिला घुमट ५५८ मध्ये कोसळला आणि ५६२ पर्यंत नवा, आधीपेक्षा उंच बांधला. रुंदी सुमारे ३१ मीटर, शिखर सुमारे ५५ मीटरवर. ढोबळ फोकस येतो शिखराखाली ९-१० मीटरवर, म्हणजे जमिनीपासून जवळजवळ ४५ मीटर वर. एवढा प्रचंड घुमट असूनही तिथे एको किंवा फोकसची तक्रार होत नाही, होते ती निनादाची, रिकामी असताना दहा सेकंदांच्या वर! दुखणी वेगळी म्हणतो ती अशी.

दुसरं काम: टाळ्यांची फेरी

उपकरण काढायच्या आधी कान वापरा. भिंतीपासून सुरू करून मध्याकडे दोन-दोन पावलांवर थांबत एक कोरडी टाळी द्यायची, म्हणजे तळहात सपाट, पोकळ नाही, आणि पूर्ण शांतता होईपर्यंत थांबायचं. घाई करू नका, पुढची टाळी आधीच्या शेपटीवर पडली तर काहीच कळत नाही. प्रत्येक जागेला वहीत एकच शब्द: शेपटी, दुसरी टाळी, की टर्रर्र.

हा टर्रर्र महत्त्वाचा. बरोबर मध्यबिंदूखाली गेलात की काही वास्तूंमध्ये टाळीच्या मागे ठराविक अंतराने टाळ्या येतात, जणू कोणी पत्ते फुरफुरवतंय, कारण आवाज सपाट फरशी आणि घुमट यांच्यात वरखाली उड्या मारत असतो. इस्फहानच्या त्या मशिदीत घुमटाच्या मध्याखाली एक गडद फरशी आहे, लोक तिच्यावर उभं राहून पाय आपटतात ते हेच ऐकायला. दोन पावलं बाजूला सरकलं की खेळ खलास, आणि नेमकं हेच फोकसचं लक्षण आहे: निनाद सगळीकडे साधारण सारखा असतो, फोकस जागा बदलली की पळतो. मी तर मध्यबिंदू सापडला की आधी डोकं चार दिशांना हलवून बघतो, आवाज कुठल्या क्षणी "आत" येतो ते, वेड्यासारखं दिसतं पण काम करतं.

तिसरं काम: कुजबुज, सज्जा असेल तर

घुमटाच्या पायथ्याशी गोल सज्जा असेल आणि वर जाऊ देत असतील तर सोडू नका. विजापूरचा गोल घुमट, १६५६ मध्ये पूर्ण झालेला, मुहम्मद आदिलशाहाची कबर, यातलं सगळ्यात मोठं उदाहरण. आतला व्यास सुमारे ३८ मीटर. सज्ज्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या बाजूला भिंतीला कान लावलेल्याला शब्द कळतात.

हे कसं होतं यावर बरीच वादावादी झालीये. खगोलशास्त्रज्ञ एरी यांचं म्हणणं होतं की घुमट कुजबुज परावर्तित करून बरोबर समोरच्या बिंदूवर गोळा करतो. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी सेंट पॉल्समध्ये ऐकून पाहिलं तर समोरच नाही, भिंतीलगत कुठेही ऐकू येतं. त्यांनी मग वाकवलेल्या पट्टीची छोटी भिंत केली, एका टोकाला बारीक शिट्टी, दुसऱ्या टोकाला आवाजाने फडफडणारी ज्योत, आणि मधे भिंतीला चिकटून एक अरुंद आडोसा धरला. ज्योत शांत! म्हणजे आवाज भिंतीला धरून सरपटत जातो. पुढे सी. व्ही. रामन आणि त्यांचे सहकारी सदरलँड यांनी सेंट पॉल्समध्येच मोजून दाखवलं की भिंतीपासून आत जाताना आवाज नुसता कमी होत नाही, कमी-जास्त-कमी असे पट्टे पडतात, आणि रामन यांनी गोल घुमटाचाही अभ्यास केला.

रॅलेंचा प्रयोग तुम्हीही करू शकता. मित्र भिंतीशी कुजबुजतोय, तुम्ही पाव वर्तुळावर भिंतीला कान लावून. मग कान हळूहळू भिंतीपासून दूर न्या, एक वीत, दोन वीत. तिसऱ्याला एक वही भिंतीला काटकोनात धरायला सांगा. हे कुजबुजीतच चांगलं होतं, खर्ज आवाजात नाही, कारण कुजबुजीत सगळा "स" आणि "श" चा बारीक आवाज असतो आणि लहान तरंगच भिंत धरून राहतात.

मग सज्ज्यातच टाळी द्या आणि हिशेब करा. व्यासावरून जाऊन परत म्हणजे ७६ मीटर, आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ धरला तर ०.२२ सेकंद. भिंतीवरून पूर्ण फेरी सुमारे ११९ मीटर, ०.३५ सेकंद. दोन्ही अंतरं कानाला सुटी ऐकू येतील एवढी मोठी आहेत, म्हणून तिथे एका टाळीच्या मागे टाळ्यांची रांग लागते.

चौथं काम: फुगा आणि रेकॉर्डिंग

इथे माझी पहिली अख्खी मोहीम वाया गेली, म्हणून जरा सविस्तर. मोबाईलचा नेहमीचा व्हॉइस रेकॉर्डर मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज उचलतो, आपोआप, तुम्हाला न विचारता. मला कानाला पाच-सहा सेकंद वाटत होते आणि ग्राफ चौदा सांगत होता, शेपटी खाली उतरायलाच तयार नाही, मी दोन दिवस त्या वास्तूबद्दल थक्क होत बसलो. दोष फोनचा होता. त्यामुळे ऑटो गेन आणि नॉइज रिडक्शन बंद करता येणारं ॲप वापरा, फाईल वेव्ह फॉरमॅटमध्ये, एमपीथ्री नको. लेव्हल इतकी कमी ठेवा की फुगा फुटल्यावर मीटर लाल होणार नाही, एक फुगा फक्त लेव्हल लावण्यासाठी गेला असं समजा.

माईक ट्रायपॉडवर १.२ मीटर उंचीला, हा खुर्चीत बसलेल्याचा कान. लोक जमिनीवर बसत असतील तर ८० सेंमीच्या आसपास ठेवा. कुठल्याही भिंतीपासून, खांबापासून निदान एक मीटर दूर. फुगा वक्ता उभा राहतो तिथे, दीड मीटर उंचीला, हात लांब करून, बोळे घालून. फोडा आणि पुतळ्यासारखे उभे राहा, बूट करकरला की ते रेकॉर्डिंग बाद. निदान दोन जागी फुगा आणि प्रत्येकाला तीन-चार जागी माईक, आणि त्यातली एक जागा मुद्दाम घुमटाच्या मध्याखाली, एक बाजूच्या दालनात.

फुगे फोडणं हे काही पोरखेळ नाही बरं का. हागिया सोफियामध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या टीमने २०१० मध्ये फुगेच फोडले होते आणि त्या रेकॉर्डिंगवरून तिथला निनाद कॉम्प्युटरवर उभा करून गायकांना त्यात गायला लावलं. २०२० मध्ये ती वास्तू पुन्हा मशीद झाली, खाली गालिचा आला, म्हणजे त्या फुग्यांनी पकडलेली खोली आता तशीच्या तशी उरलेली नाही. जास्त नेमकं काम हवं असेल तर स्पीकरवरून खालून वर चढत जाणारा सूर वाजवून मोजायची पद्धत आहे, आंजेलो फारिना यांनी २००० मध्ये मांडलेली, पण त्याला चांगला स्पीकर लागतो.

पाचवं काम: ग्राफ वाचणं

ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडा आणि फुग्यानंतरचा पाव सेकंद झूम करा. शेपटीतून वर डोकावणारी टोकं दिसतात का ते पाहा. मध्याखालच्या रेकॉर्डिंगमध्ये (इथे फुगाही माईकशेजारीच फोडायचा) मोठं टोक ०.११ सेकंदाला दिसलं, तर गुणिले ३४३, भागिले २, म्हणजे जवळजवळ १९ मीटर, त्यात माईकची उंची मिळवा. लेझरने शिखर तेवढ्यावरच दाखवलं होतं का? जुळलं तर गुन्हेगार घुमट. नाही जुळलं तर समोरची भिंत किंवा अर्धघुमट तपासा. बोलण्याच्या बाबतीत ५० मिलिसेकंदांच्या आत आलेलं परावर्तन मदत करतं, म्हणजे साधारण १७ मीटर जास्तीचा प्रवास. त्यानंतर आलेलं आणि टोकदार असलेलं परावर्तन शब्द तोडतं.

निनाद काढायला रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. निनादकाल म्हणजे आवाज ६० डेसिबल उतरायला लागणारा वेळ, पण एवढी शांतता कुठेच नसते म्हणून ५ ते ३५ डेसिबलपर्यंतचा उतार मोजून दुप्पट करतात, तोही जमत नसेल तर ५ ते २५ चा, मग तिप्पट. फक्त एक आकडा घेऊन निघू नका, प्रत्येक पट्टा, म्हणजे खर्जापासून बारीक आवाजापर्यंतचा प्रत्येक टप्पा, वेगळा बघा. खर्जात नऊ सेकंद आणि ४००० हर्ट्झला तीन असं सर्रास दिसतं. मोठ्या वास्तूत वरच्या पट्ट्यात हवाच आवाज खाते, ४००० हर्ट्झला भिंती कितीही टणक असल्या तरी निनाद साधारण ७ सेकंदांच्या पुढे जाऊ शकत नाही.

आणि उताराची रेघ सरळ आहे का तेही पाहा. मुख्य घुमट, अर्धघुमट, बाजूची दालनं अशी जोडलेली पोकळी असली की उतार आधी घाईने आणि मग सावकाश होतो, रेघ मधेच मोडते. तिथे एकच सरासरी आकडा देणं म्हणजे फसवणूक आहे, दोन्ही उतार लिहा.

सहावं काम: किती शोषण लागेल

भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून हार्वर्डमध्ये शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणून, ऑर्गनची नळी वाजवून आणि घड्याळ धरून जे शोधलं तेच अजून वापरतो: निनादकाल बरोबर ०.१६१ गुणिले आकारमान भागिले एकूण शोषण (म्हणजे सगळे पृष्ठभाग मिळून जेवढा आवाज खातात तो, पूर्ण आवाज गिळणाऱ्या किती चौरस मीटर जागेइतका ते). ८००० घनमीटरची वास्तू, निनाद ६ सेकंद, तर शोषण सुमारे २१५ चौरस मीटर. त्यात ३०० माणसं आली, प्रत्येकी अर्धा चौरस मीटर धरा, शोषण ३६५, निनाद साडेतीन सेकंदांवर. म्हणजे रिकाम्या वास्तूत मोजून घाबरू नका, भरलेली असताना काय होतं त्याचा अंदाज आधी बांधा.

आता दुसरा हिशेब, हा माझ्या मते सगळ्यात उपयोगी. वक्त्याचा थेट आवाज आणि निनाद कुठल्या अंतरावर सारखे होतात? ०.०५७ गुणिले वर्गमूळ (दिशात्मकता गुणिले आकारमान भागिले निनादकाल). दिशात्मकता म्हणजे आवाज एका दिशेला किती एकवटतो ते, माणसाच्या तोंडाची २ धरा, वरच्याच रिकाम्या वास्तूत उत्तर येतं तीन मीटर! तीन मीटरच्या पलीकडे तुम्ही वक्त्यापेक्षा खोलीच जास्त ऐकता, आणि त्याच्या साधारण तिप्पट अंतरानंतर शब्द लागणं कठीण होतं. दिशात्मकता १० असलेला उभा स्पीकर घेतला तर तीनचे साडेसहा मीटर होतात.

मग करायचं काय

सुटा एको किंवा फोकस असेल तर गालिच्याचा उपयोग थोडा आहे, कारण त्याने निदान फरशीवरून होणारी दुसरी उडी मरते, पण खरा उपाय म्हणजे जागा बदलणं. वक्ता आणि माईक मध्यबिंदूपासून तीन-चार मीटर बाजूला घ्या, फुकट काम. निनाद असेल तर गालिचा फक्त बारीक आवाज खातो, खर्ज तसाच राहतो, आणि मग सगळं आणखी गढूळ वाटतं. म्हणून पट्टे वेगळे मोजायला सांगितलं.

स्पीकरच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तो वर टांगून थोडा वर वळवलेला असणं, म्हणजे घुमटाला ऐकवायचं. तोंड खाली, लोकांच्या कानांकडे. एका मोठ्या स्पीकरपेक्षा लोकांच्या जवळ बरेच लहान, कमी आवाजात. मागच्या स्पीकरला डिले द्या, म्हणजे त्याचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडा, दर मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद, वर आणखी १०-१५, म्हणजे आवाज पुढून येतोय असंच वाटतं.

जुन्या पृष्ठभागाला काहीही चिकटवू नका, आणि दुरुस्ती चालू असेल तर गिलावा कशाचा होतोय ते विचारा. चुन्याचा सच्छिद्र गिलावा थोडा तरी आवाज शोषतो, त्यावर सिमेंट आणि ऑइल पेंट चढला की निनाद वाढतो आणि मग लोक घुमटाला दोष देतात. वर चढून घुमटात लहान गोल भोकं दिसली तर ती बुजवू देऊ नका. १५५७ मध्ये पूर्ण झालेल्या इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत वास्तुकार सिनानने घुमटात मातीची भांडी बसवलीत, तोंडं आतल्या बाजूला. असं भांडं एकाच सुराला प्रतिसाद देतं: दोन लिटरचं पोट, ४ सेंमी तोंड, ५ सेंमी मान असेल तर १५० हर्ट्झच्या आसपास. थोड्या भांड्यांनी एवढ्या मोठ्या पोकळीत जमीन-अस्मानाचा फरक पडत नसणार असं माझं मत, पण तोंडावर गिलावा फासला की होता तोही उपयोग गेला. मुकर्नसची, म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारख्या लहान कोनाड्यांची नक्षीही तशीच, १० सेंमी खोल असेल तर साधारण ८५० हर्ट्झच्या वरचा आवाज विखुरते, फोकस मोडायला तेवढं पुरतं, त्यामुळे स्वच्छतेच्या नावाखाली ती सपाट करणाऱ्याला थांबवा.

बदल झाल्यावर त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या फुग्याने परत मोजा. फाईलच्या नावात तारीख, फुग्याची जागा, माईकची जागा, आत किती माणसं आणि तापमान लिहा, कारण हवा एक अंश तापली की वेग सेकंदाला ०.६ मीटर वाढतो आणि दमटपणा बदलला की वरचे पट्टे बदलतात. मी सुरुवातीला नुसतं "फुगा ३ फायनल" असं लिहायचो, त्यातला कुठला फुगा मध्याखालचा होता ते आजपर्यंत कळलेलं नाही.